डाव्या चाकाची ट्यूब

वाशीच्या सिग्नलपुढे स्टिअरिंग डावीकडे ओढू लागलं, तशी भैरूने गाडी कडेला घेतली. उतरून पुढच्या डाव्या चाकावर बुक्की मारली. आवाज बद्द आला. हवा पुन्हा उतरली होती.

मागच्या सीटवर नझीरभाई होते. भैरू त्यांच्या फियाटवर सात वर्षं ड्रायव्हर.

"परवाच नवी ट्यूब टाकली ना रे?"

"टाकली, भाई."

"मग? उद्या सगळ्यांना महाडला न्यायचंय. पोरीला, शरीफाला, सहावा महिना आहे. मला धोका नको."

ट्यूब त्यानं स्वतः आणून तुर्भे नाक्यावरच्या सितारामकडे दिली होती. सिताराम त्याच्याच गावचा, कोरेगावकडचा. दोघांनी मार्केटात चार वर्षं एकत्र पोती वाहिली, मग एक ड्रायव्हर झाला, एक पंक्चरवाला. चाक उघडलं की डोक्यावर उभं राहून बघायचं, हा ड्रायव्हरांचा शिरस्ता. भैरू सितारामकडे कधी उभा राहिला नाही. गाववाल्याला वाईट वाटेल, म्हणून मुद्दाम लांब जाऊन बसायचा.

स्टेपनी चढवून त्यानं नझीरभाईंना घरी सोडलं. काढलेलं चाक सोसायटीच्या मागं नेऊन स्वतः उघडलं. टायर रिंगवरून सुटायला अर्धा तास गेला, बोटं सोलली. आतली ट्यूब ओढून काढली. तिच्यावर पाच ठिगळं होती. पाचव्याची कड सुटली होती.

ती खांद्यावर टाकून तो तुर्भ्याला गेला.

"ही माझी ट्यूब?"

सितारामने एकदा बघितलं. "बस की. च्या सांगतो."

"इचारलं त्ये सांग."

"आरं, एक टॅक्सीवाला अडला व्हता. नवी त्याला घातली. तुझी गाडी काय, वाशी-तुर्भं फिरती. चार दिसांनी बदलून देणारच व्हतो."

"उद्या महाडला निघालीया. पोटुशी लेक बसणार हाय तिच्यात."

"मला काय सपान पडलं व्हय? बोलायचंस की."

"दिवसाला धा गाड्या येत्यात तुज्याकडं. माझीच का?"

सिताराम हसला. "त्ये समदे डोक्यावर हुबं ऱ्हात्यात. तू एकटाच लांब बसतुयास."

भैरूनं जुनी ट्यूब त्याच्यापुढं टाकली.

"आण चाक, आत्ता नवी घालतो. ऱ्हा हुबा, बघ."

"नगं."

त्यानं दुसरी ट्यूब विकत घेतली. स्वतः बसवली. हातपंपानं हवा भरताना खांदे भरून आले, तरी मध्ये थांबला नाही. चाक पाण्यात फिरवून पाहिलं, बुडबुडा नव्हता.

संध्याकाळी नझीरभाई खाली आले. "काय निघालं?"

"ट्यूब जुनी व्हती, भाई. बदलली."

"घातली कुणी होती?"

भैरू पाना पुसत राहिला.

"व्हता एक पंक्चरवाला," तो म्हणाला.