दारीची जागा

"येळ झाला न्हाई ना, मास्तर?"

ओतूरच्या एसटी स्टँडवर मी पोचलो की भाऊ हे पहिलं विचारायचे. आमचा गाण्याचा कार्यक्रम संध्याकाळी सहाचा असायचा. मी दोनला यायचो, तर भाऊ अकरापासून बाकावर बसलेले. मांडीवर पिशवी, पिशवीत इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि तीन बोटांनी सारखी चाचपलेली तिची गाठ.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्यासाठी गाडी नेहमी सुटायच्या बेतात असते. आमचे भाऊ त्यातले मेरुमणी. पेशानं गवंडी. काल केलेल्या गिलाव्यावर पाणी मारायला पहाटे उठून जायचे आणि घरमालकालाच झोपेतून उठवायचे. तरी काळजी सुटायची नाही. तळेघरच्या बाजूला एकदा कार्यक्रम होता. एसटी चुकली म्हणून आम्ही पेटी डोक्यावर घेऊन चालत निघालो. भाऊ सगळ्यांच्या पुढे, जवळजवळ पळत. आम्ही पोचलो तेव्हा मंडपाचे बांबूसुद्धा रोवले नव्हते.

आमची गायन पार्टी होती. जयंतीला, विहाराच्या वर्धापनाला, लग्नाच्या आदल्या दिवशी गाणारी. मी शाळेत मास्तर आणि पार्टीत पेटीवर. मुख्य गायक अण्णा. भाऊ कोरसला, म्हणजे झील ओढायला. अण्णांना दमा होता. ओळ संपायच्या आत त्यांचा श्वास संपायचा, आणि तो कुठं संपणार हे भाऊंना अण्णांच्या आधी कळायचं. अण्णांच्या मानेवरची शीर ताणली की भाऊ उरलेला शब्द उचलायचे. ऐकणाऱ्याला जोड दिसायचा नाही. "गिलाव्यागत हाय हे," ते म्हणायचे. "वल्ला हाय तवरच हात फिरवायचा."

नव्वदनंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत आमची एक कॅसेट निघाली. पुण्यात एका खोलीत दोन माइक, आणि सगळे एकाच वेळी गायला. एका आईचं गाणं होतं. लेक पहिल्यांदा शाळेत निघते, पाटी-पेन्सिल तिच्या हातात, आणि आई म्हणते, "उजेड आला दारी." ऐन तिथंच अण्णांचा दम गेला. "उजेड आला..." म्हणाले आणि गप्प. ढोलकीवाल्यानं घाबरून हात उचलला, मी भात्यावरचा हात थांबवला. तेवढ्यात मागून भाऊंचा आवाज आला, "दारी गं माझ्या दारी!" गाणं पुढं सरकलं. पुन्हा रेकॉर्डिंग करायला वेळ नव्हता. चूक तशीच कॅसेटवर गेली.

ती चूकच लोकांनी उचलली. आळेफाट्याला जीपगाड्यांत ती कॅसेट वाजायची. दोन तालुक्यांत जो तो ते गाणं "उजेड आला" म्हणून थांबायचा आणि मग "दारी गं" म्हणायचा. माझ्या शाळेतली पोरंसुद्धा. दमा नसलेली चाळीस पोरं एकाच जागी दम लागल्यासारखी थांबायची, आणि मी तोंडावर हात धरून हसायचो.

पुढं अण्णा गेले. आणखी काही वर्षांनी पुण्याहून एक कंपनीवाले साहेब आले. जुन्या कॅसेटची नवी सीडी काढायची म्हणाले. गायला बाहेरचा नामांकित गायक, सोबत कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड वाजवणारे पाहुणे. "तुमची पेटी आणि ढोलकी राहू द्या," साहेब म्हणाले. "कोरसला आमच्या तीन मुली आहेत. ते म्हातारे गृहस्थ नकोत."

मी हो म्हणालो. माझी पेटी राहत होती म्हणून हो म्हणालो. हे लिहिताना आजही लाज वाटते.

भाऊंना सांगायचं काम माझ्याकडं आलं. आज सांगू, उद्या सांगू करत मी आठवडा काढला. त्यांनी मात्र नवा शर्ट शिवायला टाकला होता. निघायच्या दिवशी ते जीपशी हजर. ड्रायव्हरच अजून यायचा होता.

"येळ झाला न्हाई ना?"

"नाही भाऊ, बसा."

नारायणगावला चहा घेताना सांगू, असं ठरवलं. चहा प्यालो. मंचरला सांगू म्हटलं, मंचर गेलं. राजगुरुनगरही गेलं. भाऊ शेजारी बसून पिशवीची गाठ चाचपत होते. एरवी वाटेत प्रत्येक बांधकामाला नावं ठेवणारा माणूस त्या दिवशी अवाक्षर बोलला नाही. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असेल, अशी मला धास्ती बसली.

स्टुडिओत पोचलो. "भाऊ, तुम्ही जरा बाहेर बसा, बोलावतो," म्हणालो आणि काचेचं दार लावून घेतलं.

पाहुण्या गायकाचा आवाज काय सांगावा! "उजेड आला दारी" त्यांनी एका श्वासात अख्खं म्हटलं. पण ढोलकीवाल्याचा हात "आला"ला थांबला. पुन्हा घेतलं. या खेपेला माझाच भाता थांबला. सहा वेळा झालं. थांबायचं नाही असं ठरवून आम्ही वाजवायचो, आणि तिथं आलं की हात आपोआप उचलला जायचा. साहेबांचा पारा चढला. शेवटी मी जुनी कॅसेट लावायला सांगितली.

पाहुण्यानं डोळे मिटून ऐकलं. "हा शब्द उचलणारा कोण?"

"भाऊ. बाहेर बसलेत."

"मग मी आत काय करतोय? बोलवा त्यांना. मी थांबतो त्या जागी."

मी धावत बाहेर आलो. बाक रिकामा होता. राखणदार म्हणाला, ते बाबा स्टँडचा रस्ता विचारून मघाशीच गेले.

रिक्षानं शिवाजीनगर स्टँड गाठला. ओतूरची गाडी सुटायला अर्धा तास होता, आणि रिकाम्या गाडीत भाऊ एकटे खिडकीशी.

"भाऊ, चला. तुमच्यावाचून अडलंय."

ते खाली बघत राहिले. "मास्तर, खरं सांगू? आवाज लागत न्हाई आता. छातीत सिमिट बसलंय. चार महिनं झालं, कुणाला बोललो न्हाई. म्हनलं, कळलं तर काढून टाकत्याल. जीपमधी तुमी लई गप व्हता. वाटलं, तुमाला उमगलं. तितं काचंमागं समद्यांम्होरं फजिती व्हन्यापरीस..."

मला राहवलं नाही. "भाऊ, तुम्हाला आठवड्यापूर्वीच काढलं होतं. मला सांगवेना."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग हसले. "म्हंजी आठ दिस मी उगंच घाबरलो की राव!"

मी हात जोडले. त्यांनी ते खाली घेतले. "जागा ठिवा. छाती मोकळी झाली की येतो."

परत स्टुडिओत येऊन आम्ही गाण्यात तेवढी जागा ठेवली. पाहुणा "उजेड आला" म्हणून थांबला आणि तिथं ढोलकीही थांबली. त्या तीन मुलींनी शब्द भरून पाहिला, पण तो गोड आणि उपरा लागायचा, म्हणून काढला. त्यांना रेकॉर्डिंगला न्यायला मी दोनदा भाऊंच्या घरी गेलो. "पुढल्या हप्त्यात," ते म्हणायचे आणि खोकायचे. जयंती तोंडावर आली आणि सीडी तशीच निघाली.

जयंतीला त्यांच्याच गावात ती पहिल्यांदा लावली. नवा शर्ट घालून भाऊ सकाळपासून स्पीकरच्या खांबाशी उभे. गाणं सुरू झालं. ती ओळ जवळ आली. "उजेड आला..." आणि सगळी वस्ती वळून भाऊंकडं बघायला लागली. त्यांनी तोंड उघडलं. मानेवरची शीर ताणली, अगदी अण्णांची ताणायची तशी. आवाज आला तेव्हा पाहुणा पुढच्या ओळीवर गेला होता. चिरकलेला, एकटा आवाज. कुणी हसलं नाही.

"चुकलं मास्तर," ते म्हणाले. "येळ झाला."

उभ्या आयुष्यात त्यांना तेवढाच एकदा वेळ झाला. त्याच पावसाळ्यात ते गेले.

पुढच्या जयंतीला सीडी पुन्हा लागली. त्या खांबाशी कुणी उभं राहिलं नाही. कुणी तसं सांगितलं नव्हतं, तरी तेवढी जागा लोकांनी सोडली होती. "उजेड आला" म्हणून पाहुणा थांबला. आणि मागच्या बाया, पायरीवर बसलेली पोरं, ढोलकीवाला, पाणी वाटणारे गडी, सगळे एका सुरात म्हणाले, "दारी गं माझ्या दारी!" एकालाही वेळ झाला नाही.

मीही तोंड उघडलं होतं. पण माझा शब्द बाहेर पडला तेव्हा गाणं पुढं गेलं होतं.