हुद्द्याचा रकाना

तळवड्यातल्या आयटी कंपनीत माझं काम म्हणजे अमेरिकेतल्या निवडणुकीला वर्गणी देणाऱ्यांचे फॉर्म तपासणं. नाव, पत्ता, नोकरी कुठे, हुद्दा काय. ठरावीक रकमेच्या वर दिलं की तिथल्या कायद्याने हे सगळं जगजाहीर होतं. आम्हा परक्यांना तिथं एक डॉलर द्यायलाही बंदी, पण त्यांचे रकाने भरायला आम्ही चालतो. निवृत्त नर्स, ट्रकचालक, शाळेतल्या बाई, सगळ्यांची नावं उघड्यावर. बडी धेंडं मात्र मधल्या संस्थांआडून, नाव न दाखवता पैसे ओततात, हे मला बरंच उशिरा कळलं. तोवर मी त्या यादीच्या प्रेमात पडले होते.

म्हणून तळमजल्यावरच्या काकू महापालिकेला अपक्ष उभ्या राहिल्या तेव्हा मी शहाणपणा केला. काकू इथल्या जुन्या गावकरी. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन एके काळी त्यांच्या सासऱ्यांची. पालिकेत खेटे घालून त्यांनीच आमच्या नळाला पाणी आणलं होतं. "माझ्याकडं पैका न्हाई, पोरी," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "काकू, घरटी दोनशे रुपये घेऊ आणि देणाऱ्याचं नाव लिफ्टशेजारी लावू. चोरून काही नाही."

बावन्न नावं जमली. मला इतका आनंद झाला की मी यादीत अमेरिकेसारखा हुद्द्याचा रकानाही केला. भिंतीवर मात्र तो नको होता. कोण काय करतं याची जिन्यात चर्चा कशाला? पूर्ण यादी फक्त माझ्या फोनमध्ये होती, आणि नवऱ्याच्या. चाकणला त्याच्या कंपनीत प्रिंट फुकट निघते, म्हणून त्याला पाठवली होती. शेवटचा रकाना काढून प्रिंट मार, असं सांगूनच.

निकालाच्या दिवशी आमच्या बूथवर काकूंना एकोणीस मतं पडली.

पुढचा आठवडाभर लिफ्टमध्ये सगळे मजल्यांचे आकडे बघत उभे राहायचे. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या, ब्लाऊज शिवणाऱ्या वहिनींना मी गाठलंच. त्यांच्या घरात मोटरचं नवंकोरं शिलाई मशीन होतं. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं तर त्या रडायलाच लागल्या. निवडून आलेल्या उमेदवाराची माणसं दारोदार फिरली होती म्हणे, आणि कुणाला काय लागतं ते त्यांना आधीच ठाऊक होतं. रिक्षावाल्याला विम्याचा हप्ता, शिकवणीवाल्या बाईंना बाकं. "त्यांच्या मोबाइलमध्ये माझ्या नावापुढे लिहिलेलं होतं," वहिनी म्हणाल्या, "शिवणकाम, घरच्या घरी. कुणी सांगितलं असेल हो?"

'शिवणकाम, घरच्या घरी' हे शब्द माझे होते. त्या रकान्यातले, जसेच्या तसे.

घरी येऊन नवऱ्याला विचारलं. त्याने नाकारलं नाही, फक्त चहाचा कप खाली ठेवला. त्याचा लेबर कंत्राटदार त्या उमेदवाराचा मेहुणा. "सात वर्षं कंत्राटावर आहे मी," तो म्हणाला. "पर्मनंट करून देतो म्हणाले. यादीच तर होती. निम्मी तू भिंतीवर लावलीच होतीस की."

त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. त्याची अडचण मला कळत होती, त्याचा तर अजूनच राग आला.

"मत कुणाला दिलंस?" मी विचारलं.

"काकूंनाच," तो म्हणाला, आणि माझं कौतुक मिळेल अशा आशेने माझ्याकडे बघितलं. इतकं फसवल्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

रविवारी काकू वर आल्या. वर्गणीतले उरलेले पैसे त्या घरोघर परत देत होत्या, मशीन, बाकं घेतलेल्यांनासुद्धा. आमच्या वाट्याचे साठ रुपये त्यांनी नवऱ्याच्या हातावर ठेवले. "तू छापून आणल्याली यादी लई झ्याक निघाली व्हती, बाबा," त्या म्हणाल्या. "अहो काकू, त्यात काय," तो म्हणाला आणि पैसे खिशात घातले.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आगं, आपलीच मान्सं कशी फुटली? तुला काय कळलं का?"

नवरा माझ्याकडे बघत होता. त्याचं पर्मनंटचं पत्र पुढच्या महिन्यात येणार होतं.

"नाही काकू," मी म्हटलं. "काहीच कळलं नाही."