हायपोतून लवकर काढलेली गोरी मुलगी

रेंजफाइंडर कॅमेरा घ्यायचा असेल तर लेन्स, शटर वगैरे नंतर तपासा. आधी घरात टापटिपीची आई आहे का ते बघा. असेल तर दुसरा कुठला तरी कॅमेरा घ्या, ज्यात लेन्समधूनच बघायचं असतं. रेंजफाइंडरची बघायची खिडकी वेगळी आणि फोटो काढणारी लेन्स वेगळी. लेन्सवर झाकण बसलेलं असलं तरी खिडकीतून जग झकास दिसत राहतं. तुम्ही आपले बटण दाबत बसता.

माझा कॅमेरा रशियन होता. बोटीवर काम करणाऱ्या मामाने आणलेला, पाट्याच्या वरवंट्याइतका जड. असल्या कॅमेऱ्याचं शटर कुजबुजल्यासारखं वाजतं, असं जाणकार लोक सांगायचे. माझं डब्याचं झाकण आपटल्यासारखं वाजायचं. हे जाणकार कॅमेऱ्याबद्दल तासभर बोलायचे आणि फोटो दाखव म्हटलं की यांचं रीळ नेहमी धुवायला गेलेलं असायचं. झूम लेन्स हवी म्हणणाऱ्यांना मी सांगायचे, दोन पाय दिलेत ना, चार पावलं पुढे जा. कॅमेऱ्याची चामड्याची पिशवीही ठेवू नये. पावसाळ्यात तिला बुरशी येते आणि मग तीच बुरशी लेन्सवर चढते. माझ्या पिशवीत आई सुके बोंबील ठेवायला लागली, तो तिचा सगळ्यात चांगला उपयोग.

आम्ही भांडुपला डोंगराच्या उतारावरच्या चाळीत राहायचो. वडील आधी गिरणीत होते, नंतर एका कारखान्याच्या गेटवर. आमच्या अख्ख्या खानदानात कॉलेज पास झालेली मी पहिली. हे मी भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगितलं. कॉलेजने मला डिग्री दिली, पण कामाची गोष्ट शिकवली ती तिथल्या फोटो क्लबने. रीळ धुवायचं कसं आणि कागदावर फोटो छापायचा कसा, ते मी तिथे शिकले.

नोकरी लागली आणि घरात माझ्या लग्नाचं सुरू झालं. लग्नाचं म्हणजे पहिल्यांदा फोटोचं. मुलाकडच्यांना आधी फोटो जायचा, मग ती माणसं यायची. आईने मला मुलुंडच्या एका स्टुडिओत नेलं. तिथे प्लास्टिकच्या फुलांशेजारी, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मी उभी राहिले. स्टुडिओवाल्याने माझा चष्मा काढायला लावला, हनुवटीवरचा तीळ फोटोतून पुसला आणि मला इतकी गोरी केली की माझं नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो ते मलाच कळेना. मी रंगाने काळी. सावळी वगैरे नाही, काळी. फोटो बघून आई म्हणाली, "किती छान इलंस गो!"

तो फोटो बघून मालाडहून मंडळी आली. मुलाच्या आईने हातातला फोटो बघितला, मला बघितलं आणि आतल्या खोलीकडे मान वळवून विचारलं, "मुलगी तयार होतेय का अजून?"

मी पोह्यांची बशी घेऊन तिच्या समोर उभी होते.

नकार यायचा तो आला. पण ती बाई माझ्यामागे दुसरी कुणीतरी शोधत होती, हे काही माझ्या डोक्यातून जाईना. मी आईला बजावलं, "पुढचा फोटो मी काढणार. माझा, माझ्यासारखा. नाहीतर मी कुणासमोर येऊन उभी राहणार नाही."

"शिकलंस म्हणून काय वाट्टेल ता करशील?"

"हो."

लवकरच बोरिवलीच्या स्थळाचा निरोप आला. मध्यस्थी करणारे काका पुढच्या रविवारी येऊन फोटो नेणार होते. मी कॅमेरा स्टुलावर ठेवला आणि समोर गॅलरीच्या उजेडात खुर्ची मांडली. त्या कॅमेऱ्याला एक दांडी होती. ती फिरवली की घुर्र आवाज करत थोड्या वेळाने फोटो आपोआप निघायचा. आता फोकस. रेंजफाइंडरच्या खिडकीत मधोमध वस्तू दोन-दोन दिसतात. लेन्स फिरवून त्या एकावर एक आणायच्या, म्हणजे फोकस झाला. मी आईला खुर्चीत बसवून तिची दोन नाकं जुळवली आणि मग तिच्या जागी मी बसले. चष्म्यावरून आमचं भांडण झालं होतं आणि तडजोड म्हणून बसताना मी तो काढला. आई स्टुलापाशी उभी राहिली. मी उठून रीळ पुढे सरकवायचे, दांडी फिरवायचे, परत येऊन बसायचे. असं करत छोटं रीळ संपवलं.

धुतल्यावर ते काचेसारखं स्वच्छ निघालं. एका जागीही मी नव्हते.

"आई, झाकण कधी लावलंस?"

"तू माझा नाक जुळवलंस, मी उठलंय, तेव्हाच लावलंय. उघडा ठेवलंस तर झुरळ नाय जाईत भुतूर?"

तिने ते दुधाच्या पातेल्यावर ठेवावं तसं ठेवलं होतं. दुसऱ्या कुणाच्या ते नजरेस पडलं असतं. मला चष्म्याशिवाय हाताएवढ्या अंतरावरचा माणूस ओळखू येत नाही, तिथे काळ्या लेन्सवरचं काळं झाकण कुठून दिसणार? मी चष्मा लावला आणि दुसरं रीळ भरलं. यावेळी आईने चष्म्याला हरकत घेतली नाही. एक मुद्दा मी जिंकले होते.

छपाई घरातच केली, भर दुपारी. क्लबचा जुना एन्लार्जर, म्हणजे रिळातलं चित्र कागदावर मोठं करून पाडायचं यंत्र, गोणपाटात बांधून आणला. मोरीच्या दाराला घोंगडी लावली. लाल उजेडासाठी गणपतीच्या मखरातला झिरोचा बल्ब काढला. भांड्यांच्या फळीवर तीन ट्रे मांडले. पहिल्यात डेव्हलपर, मध्ये साधं पाणी आणि शेवटी हायपो. डेव्हलपरमध्ये चित्र उमटतं आणि हायपो ते पक्कं करतो. हायपोत पुरेसा वेळ ठेवला नाही तर फोटो उजेडात गेल्यावर हळूहळू खराब होतो.

आईला मोरीतून बाहेर काढणं शक्यच नव्हतं. मोरी तिची होती. कोऱ्या कागदावर माझं तोंड उमटायला लागलं तशी ती किंचाळली, "इली गो, इली!" अंगात आलेल्या बाईला बघून किंचाळावं तशी. पण तोंड उमटता उमटता गडद होत गेलं, आणि तिचा आनंद ओसरला.

"बस झाला. काळी होतंस. काढ!"

"आहे तेवढीच होतेय."

"पुढच्याक उजेड जास्ती टाक मगे."

"जास्त उजेड पडला की कागद जास्त काळा होतो, आई. गोरं करायचं तर उजेड कमी टाकावा लागतो."

हा उलटा हिशोब तिला एका दमात समजला. मीठ कमी घाल म्हणावं तसं ती म्हणायला लागली, "आणि वायच कमी. आणि वायच." शेवटी मी वैतागून तिच्या पसंतीचा एक छापला. त्यात चष्मा होता, तीळ होता, पण रंग एखाद्या गोऱ्या मावसबहिणीचा होता. आता माझे दोन फोटो तयार झाले. माझा खरा आणि आईचा गोरा.

"रविवारी ह्योच जातलो," आईने गोऱ्याकडे बोट दाखवलं.

"तो गेला तर मी खोलीतून बाहेर येणार नाही."

"मग बस म्हातारी होवन, फोटो काढीत."

हे तिने गमतीत म्हटलं नव्हतं. माझ्यामागे धाकटी बहीण होती आणि चाळीतल्या बायका रोज नळावर आईला विचारायच्या, काय झालं मुलीचं? मला ते ठाऊक होतं. मुलाकडच्यांना कुठला फोटो द्यायचा ते चाळीत आईच ठरवते. तिथे डिग्री चालत नाही. धुतलेले फोटो मी कपाटाच्या आरशावर चिकटवले. वाळले की ते आपोआप सुटून पडतात आणि चकचकीत होतात. आईने आपला उचलला आणि गॅलरीच्या खिडकीत, उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा टेकवून ठेवला. पहिले दोन दिवस शेजारणी येऊन कौतुक करून गेल्या, मग कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

रविवारी सकाळी काका आले. आई तो फोटो आणायला खिडकीशी गेली आणि तिथूनच ओरडली, "गे आवशी, ह्या काय झाला?"

फोटो जांभळट तपकिरी पडला होता. माझं तोंड पिकल्या जांभळासारखं दिसत होतं. मी आहे त्याहून कितीतरी काळं.

"आई, हा हायपोतून कधी काढलास?"

"तू पाठ फिरवून कागद पुड्यात भरी होतंस, तेव्हा. त्या पाण्यात अजून ठेवलं असतंय तर काळो पडलो असतो ना!"

पहिल्या ट्रेमध्ये फोटो काळा होताना तिने डोळ्यांनी बघितला होता. तेव्हा तिसऱ्यातही तो काळाच होणार, असा तिने अंदाज बांधला आणि माझी गोरी मावसबहीण वाचवायला तिला लवकर बाहेर काढलं. मी इतकी हसले की काकांच्या हातातला चहा सांडला. आई हसली नाही. तिने कपाटातून माझा खरा फोटो काढला, पदराने पुसला आणि काकांच्या पुढ्यात ठेवला. "ह्यो घेवन जावा," ती म्हणाली, "दुसरो नाय."

बोरिवलीची मंडळी पुढच्या आठवड्यात आली. मुलाच्या आईने फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. मग ती म्हणाली, "चष्म्यातून अशीच रागाने बघतेस का गं नेहमी?"

"कॅमेऱ्याकडे बघते," मी म्हटलं. "माणसांकडे जरा बरी बघते."

मुलगा हसला आणि हा फोटो कुठल्या स्टुडिओत काढला म्हणून त्याने विचारलं. मी बोट केलं. "त्या मोरीत." तो खरंच उठला आणि मोरी बघून आला. होकार त्यांनी तिथेच, पोहे संपायच्या आत दिला. माझा मी थोडा ताणून, संध्याकाळी दिला.

निघताना त्याच्या आईने मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, "माझाही एक काढशील ना गं? फक्त जरा उजळ काढ."

मी तोंड उघडायच्या आत मागून आमची आई म्हणाली, "उजळ नको हो विहीणबाई. आठवड्यात काळो पडता."