काचेवर न चढणारी पाल

जिनिंगचे दिवस आले की यवतमाळात कुठेही जाऊन या, अंगाला थोडा कापूस चिकटलेला असतोच. जनावरांच्या डॉक्टरला किस्से तसेच चिकटतात. म्हशींचे आहेत, कुत्र्यांचे आहेत, एका बोकडाचा तर असा आहे की बायामाणसांत सांगता येत नाही. मित्र जमले की हे सगळं माझ्याकडून वदवून घेतात आणि पोट धरून हसतात. पण एका पालीचे किस्से मी सहसा सांगत नाही. सांगायला घेतलं की लोक हसायला लागतात, आणि मला मधेच गप्प व्हावंसं वाटतं.

आज सांगतो.

*

दारव्हा रोडवर माझा दवाखाना. रामरावजी, एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर, एक दिवस ऑटोतून काचेची पेटी घेऊन उतरले. पेटीत वाळू, वाळूवर एक जाडजूड पिवळट पाल. त्यांच्या मुलाने, अमोलने, पुण्यात असताना हौसेने पाळलेली. तो नोकरीला कॅनडात गेला आणि जाताना ही आईबापाच्या गळ्यात बांधून गेला. आता ती काही खात नव्हती.

बाकावर कळंबकडचा एक शेळीवाला बसला होता. त्याने पेटीत डोकावलं आणि उठूनच उभा राहिला.

"अबे, हा तं बिसखोपडा हाये. याची फुंकर लागली तं माणूस पाणी मागत नाही."

पाहता पाहता दवाखाना रिकामा झाला. शेळ्या गेल्या, कुत्री गेली, माझा कंपाउंडर गजूसुद्धा "मेडिकलमधून सुया आणतो" म्हणून गेला. मी कपाळाला हात लावून बसलो. रामरावजी मात्र खूश.

"बरं झालं सायेब, नंबर लवकर लागला."

*

ही पाल कुठली, हे मला काय ठाऊक? कॉलेजात आम्हाला गाय शिकवली. दुकानदाराने 'लेपर्ड गेको' म्हणून विकली होती. मी नागपूरच्या एका दोस्ताला फोटो पाठवला, तो म्हणाला लेपर्ड गेकोच आहे. दुसरा म्हणाला, घरातलीच आहे, कोणीतरी रंग दिलाय. पण लेपर्ड गेकोला पापण्या असतात. हिला नव्हत्या, ही जीभ काढून स्वतःचेच डोळे चाटायची. अंगावर माशासारखे खवले. जवळ हात नेला की शेपटी हलवून खसखस आवाज करायची.

शेवटी रामरावजींनी अमोललाच व्हिडिओ कॉल लावला.

"दुकानदारानं नावच चूक सांगतलं होतं, मले मागून समजलं," तो म्हणाला. "ही फ्रॉग-आइड गेको, डॉक्टर साहेब. पार मध्य आशियातल्या वाळवंटातली. हातात पकडू नका, कातडी फाटते हिची. खालची वाळू ओलसर ठेवा, वरची कोरडी. अन् बाबा, पेटीले झाकण लावाची गरज नाही. आपल्या घरातल्या पालीसारख्या गाद्या नसतात हिच्या बोटांले. काचेवर चढूच शकत नाही."

बराच वेळ बोलत होता. दर रविवारी संध्याकाळी मला दाखवत जा म्हणाला. फोन बंद झाल्यावर रामरावजी मोबाइलकडे पाहत राहिले.

"सायेब, गेल्यापासून महिन्याकाठी एखांदा मेसेज टाके पोरगा. आज पह्यल्यांदा एवढा बोलला. हिले काही होऊ देऊ नका जी."

मी कपाटातून औषधाची बाटली काढली.

*

औषधाने तिला भूक लागली. पण तिला लागतात जिवंत किडे. रामरावजी पिशवी घेऊन शेताशेतातून टोळ धरत हिंडायला लागले. मी हादरलो. कपाशीवर फवारणी चालू होती. विषारी टोळ पोटात गेला तर पाल जागीच आडवी होईल, असं मी त्यांना बजावलं.

मग ते प्रत्येक शेताच्या धुऱ्यावर थांबून विचारायचे, "फवारलं काय भाऊ?" शेवटी एक जण वैतागला.

"काका, न फवारलेलं वावर पाह्यजे असन तं फोटोत पाहा."

खरंच होतं ते. अख्ख्या शिवारात एका पालीच्या पोटापुरता बिनविषारी किडा मिळेना. शेवटी कुसुमकाकूंनी, म्हणजे रामरावजींच्या बायकोने, स्वयंपाकघरात डब्यात झुरळं पाळली. या बाईला पालीची एवढी किळस की घरात पाल दिसली की झाडू घेऊन तिला रस्त्यापर्यंत पोचवायची. अंगावर पडली तर डोक्यावरून आंघोळ. मी झुरळांचा डबा पाहायला गेलो, तेव्हा त्या त्यांना गाजराचे तुकडे घालत होत्या.

"जलमभर झुरळं मारली, आता पोसून राह्यली. पोराचं तोंड पाहासाठी काय काय करा लागते बाप्पा."

*

थंडीत एका सकाळी रामरावजींचा फोन आला. "गेली."

मी पोचलो तर घरात गल्ली जमलेली. पेटीसमोर उदबत्ती. पाल थंडगार पडलेली, रामरावजी भिंतीला टेकून बसलेले. मी तिच्याजवळची वाळू हळूच सरकवली, तर एक पाय हलला. थंडीत ही अशीच निपचित झोपते, हे मी लोकांना समजावून सांगितलं. शेजारचे एक गृहस्थ चिडलेच.

"मी सुट्टी टाकून आलतो न जी!"

लोक पांगल्यावर काकू चहा घेऊन आल्या. "माह्या सासूच्या वक्ताले एवढे लोकं नोयते," त्या म्हणाल्या. आम्ही तिघंही हसलो. ते शेवटचं हसणं.

*

उन्हाळा आला. पारा पंचेचाळीसला. मी सहज चक्कर टाकली तर घरातला एकुलता एक कूलर पेटीकडे तोंड करून चालू. वाळू ओलीचिंब, पाल तोंड उघडून श्वास घेत होती. मी तर ओरडलोच. "अहो काकू, वाळवंटातली आहे ती. तिला कूलर कशाला?"

काकूंना काही पटेना. "अजी, आपण बी तं उन्हाळाभर वाळवंटातच राह्यतो न. आपल्याले लागते, मंग तिले काहून नाही लागत?"

ओल्या गारव्याने तिची छाती भरली होती. मी कूलर बंद केला, वाळू बदलली, औषधाचे थेंब सुरू केले. दुसऱ्या दिवशी गेलो तर कूलर बंदच होता. नवरा-बायको घामाने निथळत पेटीच्या दोन बाजूंना बसले होते, हातात वर्तमानपत्राचे पंखे. पेटीकडे वारा जाऊ नये म्हणून तोंडं फिरवून. मला त्यांना उठवून कूलरसमोर बसवावंसं वाटलं. पण मी थेंब घातले आणि निघालो. छातीचा त्रास एवढ्या पुढे गेलेला असला की अशी जनावरं वाचत नाहीत, हे मला कळत होतं. त्यांना सांगायची हिंमत झाली नाही.

*

ती मेली. नेमकी रविवारी. मी दुपारी गेलो तेव्हा या वेळी ना उदबत्ती होती, ना गल्ली. रामरावजींनी मला एकच विचारलं, "पक्कं न सायेब? झोपली तं नाही?"

"पक्कं," मी म्हणालो.

काकूंनी तिला जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून अंगणात पुरलं. संध्याकाळी मी पुन्हा गेलो. पोराला समजावून सांगायला डॉक्टर बरा, असं माझ्या मनात होतं. बघतो तर काकू स्टुलावर उभ्या. ट्यूबलाइटच्या पट्टीमागे हात घातलेला, पदर खोचलेला. खाली उतरल्या तेव्हा बंद मुठीतून एक बारीक शेपटी वळवळत होती. त्यांचे डोळे गच्च मिटलेले होते. मूठ त्यांनी पेटीत उघडली. घरातली साधी भुरकट पाल वाळूवर पडली आणि कोपऱ्यात पळाली.

मी काही बोलणार, तेवढ्यात फोन वाजला.

रामरावजींनी मोबाइल पेटीपासून शक्य तेवढा लांब धरला. "हे पाह्य बाबू. मस्त आहे पाह्य." पाल कोपऱ्यातून निघाली. काचेजवळ आली. आणि सरसर काचेवर चढली, अर्ध्या उंचीवर थांबली, पांढरं पोट आणि चारही पंजे नेमके मोबाइलकडे.

पलीकडे अमोलचा चेहरा स्क्रीनजवळ आला. रामरावजींनी खाली मान घातली. काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या.

मग अमोल बोलला. "बरी दिसून राह्यली, बाबा." पुढे म्हणाला, "आता पेटीले झाकण तेवढं लावत जा. रविवारी पाह्यतो पुन्हा."