मौनाच्या शिबिरात गोळी चालत नाही?

आज सकाळी आईला घेऊन अंधेरीत एका योगशिबिराच्या मोफत वर्गाला गेले होते. प्राणायाम छान झाला. मग सात दिवसांच्या निवासी मौन शिबिराची सूचनायादी हातात आली. त्यात लिहिलं होतं, ‘मोबाईल आणि औषधं घरी ठेवा.’

मी विचारलं, "आईची बीपीची गोळी?"

शिक्षक हसले. "ताई, मौन म्हणजे आधी शंका सोडायच्या."

आई कुजबुजली, "गप्प बस गं, शिकलेला माणूस आहे तो."

"मग मी कोण आहे, आई?"

घरातली पहिली पदवीधर मी. तरीही आईनं यादी नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली, गोळ्यांच्या पाकिटाशेजारी.

मौन ऐकण्यासाठी असतं, असं मला वाटायचं. अशा शिबिराला कोणी गेलंय का? खरं सांगा, आई रविवारी निघणार म्हणतेय.