तीन तासांची 'रेस्ट'

हसायचं असेल तर आधी हातातला कप खाली ठेवा. मागे हा किस्सा सांगताना एकाच्या नाकातून चहा आला आणि बोलणी मला बसली!

तर मी जपानला गेलेलो नाही. हे आधी ठणकावून सांगतो, कारण साताऱ्यातली निम्मी माणसं आजही उलट समजून बसली आहेत.

मी राहतो मस्कतला, दार्सैतमध्ये. एका खोलीत तिघं. इथे बायको गावाकडे असलेल्या माणसाला 'बॅचलर' म्हणतात. लग्नाला एकतीस वर्षं झालेला, गुडघे कुरकुरणारा मी इथला बॅचलर! बायको शैला साताऱ्याच्या शाळेत मराठी शिकवते. मी इथल्या एका व्यापारी मासिकात लिहितो, आणि जुन्या ओळखीपोटी गावाकडच्या एका पेपरच्या रविवार पुरवणीला अधूनमधून मजकूर पाठवतो.

त्या पुरवणीच्या उपसंपादकाचा फोन आला. "सर, जपानमधली लव्ह हॉटेलं. परदेशी जोडप्यांनी ती कशी वापरावीत? सातशे शब्द."

"अरे, मी ओमानमध्ये आहे!"

"पण सर, परदेशातच आहात ना?"

आयुष्यभर नव्या पोरांना दम भरला, जागेवर गेल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. आणि शुक्रवारी दुपारी दोन घोरणाऱ्यांच्या मधे बसून, इंटरनेटवरचं उचलून, मी सातशे शब्द खरडले. आत काउंटरवर माणूस दिसत नाही. भिंतीवर खोल्यांचे फोटो असतात, ज्या फोटोमागे दिवा ती खोली रिकामी. फोटोखालचं बटण दाबा. 'रेस्ट' म्हणजे दोन-तीन तास, 'स्टे' म्हणजे रात्रभर. परदेशी असाल तर पासपोर्ट जवळ ठेवा. आत जाताना दोघं, बाहेर पडताना दोघं. आवाज करू नका. वेळ संपत आली की खोलीतला फोन वाजतो.

लिहिताना मजा वाटली. मग वाटेनाशी झाली. तिकडे जोडप्याला तीन तास कुणी न विचारता दार लावून देतं. आणि आमचं? तीन वर्षं व्हिडिओ कॉल, तोही मागे कुणीतरी बनियनवर दात घासत असताना.

लेख छापून आला. वर त्या दीडशहाण्याने आपल्या पदरची ओळ घातली, 'आमच्या प्रतिनिधीच्या अनुभवातून'! अनुभव? कुणाचा? कधीचा? फोन करून मी त्याला असा झाडला की खोलीतले दोघं उठून बसले.

मग शैलाचा फोन. आवाज एकदम थंड.

"लेख वाचला. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी वाचला."

"अगं, ती ओळ त्या गाढवाने…"

"फोनवर नको. सुट्टी लागली की येते मी. समोरासमोर बोलू."

आली! दहा दिवसांच्या व्हिसावर. आता बायकोला ठेवणार कुठे? बॅचलरांच्या खोलीत? आमचा मित्र कांबळे, मूळचा नागपूरचा, इंजिनिअर, हक्काने म्हणाला, "वहिनी आमच्याकडे राहतील, पत्रकार. विषय संपला." शैला त्याच्या मुलीच्या खोलीत, मी माझ्या खाटेवर. मधे तीन गल्ल्या. रोज संध्याकाळी कांबळेंच्या हॉलमध्ये आम्ही समोरासमोर बसायचो आणि त्यांची मुलगी विचारायची, "काका, यू वेंट टू जपान ना? मला किमोनो का नाही आणला?"

शैला शांतपणे पोहे खायची. माझ्याकडे बघायची. विचारायचं काहीच नाही. एकांतात माझी बाजू मांडायला मला एक तास हवा होता, फक्त एक, आणि आठ दिवस झाले तरी तो मिळत नव्हता.

नवव्या दिवशी कांबळे म्हणाला, "इब्रीला साइटवर चाललोय. तुम्ही दोघं चला. मी आठवडाभर तिथेच राहणार, गाडी तुम्ही परत आणा." जाताना तीन तास तो सिमेंटवर बोलला. साइटवर उतरला आणि आम्ही दोघंच उरलो.

"आता बोला," शैला म्हणाली.

"इथे नको. गाडी चालवताना मला बोलता येत नाही."

आणि तेवढ्यात खजुराच्या बागेला लागून मला ती पाटी दिसली. वर अरबी, खाली इंग्रजीत मोठ्या अक्षरांत 'रेस्ट हाउस'.

रेस्ट! माझ्या डोक्यात सातशेच्या सातशे शब्द पेटले. गाडी सरळ आत घातली.

"अहो, हे काय आहे?"

"तू ये गं. पद्धत मला ठाऊक आहे."

हेच ते वाक्य. यावर मला पेन्शन मिळायला हवी.

आत व्हरांडा. काउंटर नाही. बरोब्बर! माणूस नाही. बरोब्बर! भिंतीवर ओळीने किल्ल्यांचे आणि झऱ्यांचे फोटो. त्यांच्याखाली एक बटण. मी विजयी चेहऱ्याने ते दाबलं.

आत ठणाणा घंटा वाजली. आणि दारातून बाहेर आली बारा-तेरा मुलं, मागे सहा-सात बायका, त्यांच्या मागे पांढरा झगा घातलेले, पांढऱ्या दाढीचे एक आजोबा! एका कुटुंबाने शुक्रवारच्या जेवणासाठी ती अख्खी जागा दिवसभर घेतली होती.

आपण माघार घ्यावी की नाही? पण मी पडलो लढाऊ! माझी खात्री, हा मालक, आणि हा आता जोडप्याला खोली नाकारणार. व्हिसासाठी शिक्के मारून घेतलेला विवाहाचा दाखला पिशवीत होताच. तो मी त्यांच्या नाकासमोर फडकावला.

"रेस्ट! थ्री अवर्स! हजबंड, वाइफ! सब लीगल है!"

आजोबांनी दाखला उलटा करून शिक्के पाहिले. "जदीद?"

जदीद म्हणजे नवा, एवढं मला कळतं. शिक्का विचारतायत! "हो हो, एकदम जदीद! पिछले महीने ही हुआ!"

आजोबांचे डोळे पाणावले. "नया शादी?" त्यांनी मला मिठी मारली. "मब्रूक! मब्रूक!"

"नाही, नाही, शिक्का…"

ऐकतंय कोण! बायकांनी आनंदाने चीत्कार केला आणि शैलाला उचलल्यासारखी आत नेली. मला पुरुषांच्या बैठकीत. हलवा आला, खजूर आले, कहवा आला. धुपाचं भांडं माझ्या दाढीखाली धरलं. एक तरुण मोडक्या हिंदीत म्हणाला, "अंकल, देर हुआ, लेकिन अच्छा हुआ."

पलीकडच्या खोलीतून शैलाचं हसू ऐकू येत होतं. पुरते तीन तास! मधे एक भिंत. सातव्या कपानंतर मला कळेना, हसावं की रडावं. तिला एवढं हसताना मी शेवटचं कधी ऐकलं होतं?

निघालो तेव्हा तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओली मेंदी. नवरीची. दार मी उघडलं, पट्टा मी लावला.

आणि गाडी सुरू झाली तसा माझा पट्टाही सुरू झाला. तो उपसंपादक, ती ओळ, पत्रकारितेची लागलेली वाट, हल्लीची पोरं, आमच्या वेळची शिस्त. इब्री ते मस्कत सगळा मार्ग मी माझी बाजू मांडत होतो. ती हात वर धरून, मान मागे टेकून ऐकत होती. मधे कधीतरी तिचा डोळा लागला, तेही मला दार्सैतच्या वळणावर कळलं.

कांबळेंच्या दाराशी तिला उतरवलं.

"मग पटलं ना? मी जपानला गेलेलो नाही."

"लेख वाचला तेव्हाच कळलं होतं. तीस वर्षं पेपर तपासतेय, उतरवलेलं ओळखू येतं मला. आणि त्यात लिहिलंय 'आवाज करू नका'. तुम्ही? तीन तास? आवाज न करता?"

"मग विचारायला एवढ्या लांब आलीस कशाला?"

"विचारायला कोण आलं होतं?"

कोपराने दार ढकलून ती आत गेली. दुसऱ्या दिवशी विमान होतं.

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. तीन तास. दारं बंद. काचा काळ्या. दोघंच. बाहेरचं कुणी विचारणारं नाही. सातशे शब्दांत मी जे जे लिहिलं होतं, ते सगळं त्या गाडीत होतं की हो! फक्त वेळ संपत आल्याचं सांगणारा फोन तेवढा वाजला नाही.

नाही, वाजला. तिथेच, गाडीत बसल्या बसल्या वाजला. पाहतो तर उपसंपादक.

"सर, पुढचा विषय. जोडप्यांनी निवांत वेळ कसा घालवावा? अनुभवातून."