समीकरणावरून काढलेले बाण

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. गणितात लपायला जागा नसते, असं मी दर वर्षी पहिल्याच तासाला वर्गाला गंभीरपणे सांगतो. पोरं लिहूनही घेतात. जागा भरपूर असते. मी स्वतः तिथे वर्षानुवर्षं लपलोय.

डोंबिवलीतल्या आमच्या कॉलेजात सायली तासिका तत्त्वावर शिकवायची — जितके तास, तितके पैसे. सुट्टीत काहीच नाही. ठाण्यातल्या कोलशेतहून यायची. तिच्या स्लाइडवर समीकरण कधी नुसतं नसायचं. उष्णतेचं समीकरण घ्या: डाव्या बाजूखाली निळ्या अक्षरांत ‘तापमान किती वेगाने बदलतंय’, आणि उजवीकडच्या अल्फा या अक्षराकडे लाल बाण — ‘हा धातू उष्णता किती चटकन पसरवतो’. एका वेळी एकच बाण उमटायचा. मागच्या बाकावरची मुलंही माना वर करायची.

माझ्या स्लाइडवर तेच समीकरण एकटं, मधोमध, गाभाऱ्यातल्या मूर्तीसारखं. एकदा एक पोरगा म्हणाला, “सर, तुमची स्लाइड म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी. सायली मॅडम देतात तशी नावं द्या ना खाली.” वर्ग हसला. मीही हसलो — काय करणार?

मग कायमच्या जागेसाठी तिची मुलाखत ठरली. निवड समितीपुढे थोडा वेळ शिकवून दाखवायचं होतं. आदल्या दिवशी तिने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. “सर, जरा बघता का? तुम्ही सांगाल तसं करते.”

बघितलं. एकही चूक नव्हती — आणि कसं सांगू, तेच तर बोचलं. मी म्हणालो, “अगं, हे बाण काढून टाक. समितीत मोठी माणसं असतात. त्यांना अल्फा समजावणार तू? अपमान वाटेल.”

तिने माझ्यासमोरच एकेक बाण पुसला. शेवटच्या लाल बाणापाशी थांबली, माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. ‘विषय पोहोचवता येत नाही’ असा शेरा पडला म्हणे. सायली जाताना मला थँक्यू म्हणून गेली.

नुसता सल्ला चुकला असता, तर हे लिहायला बसलो असतो का? समितीत कोण बसणार, ते मला तिने लॅपटॉप दाखवला त्या दिवशी सकाळीच कळलं होतं. गणिताचा माणूस एकच होता. अध्यक्ष वनस्पतिशास्त्राचे होते.